१८००-११-२३५६ : खर्रा सोडवणाऱ्या फोनचा माझा चार महिन्यांचा अनुभव

सुरुवात तर्री पोह्यापासून करतो. जूनमधल्या एका रविवारी मित्रांसोबत नागपूरच्या कस्तुरचंद पार्काजवळ पोहे खायला गेलो होतो. पहिला घास घेतला आणि गालाच्या आत आग लागली. मी सावजी रस्सा वरपून खाणारा माणूस, पण त्या दिवशी तर्री बाजूला सारून कोरडे पोहे चावले. त्याआधी दोन महिने मी हेच म्हणत होतो की आजकाल सगळेच तिखट जास्त घालून राहिले. घरी येऊन आरशासमोर तोंड उघडलं, तीन बोटं उभी घालून पाहिली, एरवी तिन्ही मावायला हवीत. दोन गेली. तिसरं दाताला अडलं.

माझं वय २७. सीताबर्डीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दहा वर्षांपासून खर्रा खात होतो, शेवटी शेवटी दिवसाला सहा. २५ रुपयांचा एक धरला तरी रोजचे दीडशे.

खर्रा म्हणजे काय, ते नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. ठेलेवाला प्लॅस्टिकच्या पन्नीवर फोडलेली सुपारी टाकतो, वर तंबाखू आणि चुना, मग पन्नी गुंडाळून घोटतो. घोटून घोटून ती पन्नी कोमट होते. हातात पडते तेव्हाही गरमच असते, आणि त्या उबेनेच अर्धी तलफ भागते. त्या पन्नीवर काहीच छापलेलं नसतं. ८५ टक्के जागेवरचा कॅन्सरचा सचित्र इशारा आणि सोडण्यासाठीचा फोन नंबर तंबाखूच्या पुडीवर असतो, आणि ती पुडी ठेल्यावरच राहते. २०१८ पासून तो नंबर छापला जातो, म्हणजे एवढी वर्षं माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मला तो दिसला ठेल्याखाली फेकलेल्या रिकाम्या पुडीवर, तेही चिल्लर खाली पडली म्हणून वाकलो तेव्हा.

फोनला पैसे पडत नाहीत. वेळ सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. ही सरकारी क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली, पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलसारखी केंद्रं जोडली गेली. त्यामुळे मराठीत बोलता येतं. मला वाटलं होतं, तंबाखू वाईट असते यावर भाषण ऐकावं लागेल. पलीकडच्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर पहिला खर्रा किती वेळात लागतो?" मी म्हटलं, दहा मिनिटांत, कधी कधी ब्रशच्या आधी. मग विचारलं, दुपारचा कधी, कोणासोबत, हातात काम असताना की काम संपल्यावर? मग म्हणाल्या, "आणून कोण देतं?"

दुकानात एक पोट्टा काम शिकतो, तोच आणून द्यायचा.

"किती वर्षांचा आहे?"

"सतरा."

थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला पहिला खर्रा कोणी दिला होता, दादा?"

याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. आयटीआयला होतो तेव्हा सीनियर पोरं मलाच ठेल्यावर पाठवायची. आणून दिला की त्यातली एक चिमूट माझी. विकत घेऊन खाल्लेला पहिला खर्रा मला आठवत नाही, ती चिमूट मात्र आठवते. माझ्या दुकानात मी तेच करून राहिलो होतो. १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी ठेल्यावर त्या पोराला कोणी वय विचारलं नाही. मी तर त्याचा मालक. मीही विचारलं नाही.

सोडायची तारीख मंगळवारची ठरवली, म्हणजे तलफ आली तर लाइन चालू असेल. पहिले तीन दिवस फार वाईट गेले. एका गिऱ्हाईकावर उगाच ओरडलो, बारीक सोल्डरिंगला हात स्थिर राहीना, पोट साफ होईना. मॅडमनी सांगून ठेवलं होतं की तलफ लाटेसारखी चढते आणि काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ फक्त टाळायचा. चिमटा खाली ठेवायचा, गार पाणी घोट घोट प्यायचं, लांब श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी असं वीसेक वेळा केलं. दहाव्या दिवशी चार-पाच वेळा.

आठवड्याने त्यांचाच फोन आला. या सेवेचा खरा जीव इथे आहे. आपण विसरलो तरी ते विसरत नाहीत. मी अभिमानाने सांगितलं, तंबाखू बंद, आता नुसती सुपारी खातो. त्यांनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या, तुमचं तोंड आखडून राहिलं ते मुख्यतः सुपारीमुळेच, तंबाखू नसलेली सुपारीही कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने हे २००४ सालीच सांगितलेलं आहे. मी तर घरच्यांनाही "साधी सुपारी आहे" म्हणून दाखवत होतो. आमच्याकडे किती घरांत लहान पोरांच्या हातावर सुपारीचा तुकडा ठेवतात, ते मनात आलं आणि जीव घाबरा झाला.

फोनवरून तोंड तपासता येत नाही, हे समजून घ्या. मॅडमच्या सांगण्यावरून मी मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. तिथे पुढच्या दातांमध्ये पट्टी धरून मोजलं. २६ मिलिमीटर. डॉक्टरांनी गालाच्या आत बोट फिरवून म्हटलं, इथली कातडी पांढरी पडून कडक झाली आहे, पूर्वीसारखी पूर्ण मऊ होणार नाही, पण सोडलंत तर पुढचं टळू शकतं. २ मिलिग्रॅमचा निकोटीनचा च्युइंगम लिहून दिला. आमच्या भागातल्या एका मेडिकल स्टोअरवाल्याने तो एक शब्द न बोलता हातात ठेवला. मी खर्ऱ्यासारखा भराभर चावला आणि तासभर उचक्या लागल्या. खरी पद्धत अशी की हळूहळू चार-पाच वेळा चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचा. ही गोष्ट देणाऱ्याने सांगायला हवी होती.

सातव्या आठवड्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा घसरलो. जुन्या नागपुरातली ती गर्दी, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी, मित्राने पन्नी पुढे केली आणि बोटं आपोआप आत गेली. पुढच्या फोनला खरं सांगितलं. शिव्या ऐकायची तयारी होती. त्यांनी विचारलं, "एक चिमूट की पुडी?" मी म्हटलं, चिमूट. "मग सात आठवडे तुमचेच आहेत. पुढची चिमूट नको." पुढच्या सणाला खिशात काय ठेवणार हेही विचारलं. लवंग ठेवतो आता.

ज्याचं तोंड अजून तीन बोटं उघडतं त्याने तर आजच लावावा हा फोन, कारण माझ्यासारखं मोजमाप करायची वेळ त्याच्यावर येणार नाही. औषध हवं असेल तर डॉक्टरकडे जावं. पण रोज सहा खर्रे खाणाऱ्याशी माणसासारखं बोलणारं, नाव लक्षात ठेवणारं आणि परत विचारणारं कोणी तरी फुकटात मिळतं, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे.

तोंडाचा व्यायाम चालू आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरायची आणि जमेल तशी एक-एक वाढवायची. गेल्या आठवड्यात तोंड मोजलं, २९ मिलिमीटर. काड्या तो पोट्टाच मोजून देतो. ठेल्यावर आता कोणी जात नाही, चार वाजता तो चहा आणतो, दोघांचा.