कुल्लूच्या म्हणून घेतलेल्या नऊ शाली

माझं माहेर येवल्याचं. पैठणी घेताना पदर उलटा करून बघायचा, हे परकर-पोलक्याच्या वयापासून अंगात भिनलेलं. हातमागाचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, यंत्रावरची 'सेमी' पैठणी असेल तर मागे दोऱ्यांचं जंजाळ. तरीही डिसेंबरात मी ९ शाली एकदाही न उलटता घेतल्या.

नाशिकला गंगापूर रोडच्या एका प्रदर्शनात 'कुल्लू हँडलूम' अशी पाटी होती. विक्रेत्यानं आधी शाल दाखवलीच नाही, मोबाइल दाखवला. बर्फातलं घर, माग, सुरकुतलेले हात. गावात आता म्हाताऱ्या बायकाच विणतात, पोरं मनालीत टॅक्सी चालवतात, तुम्ही एक शाल घेतली की एक माग आठवडाभर चालतो, वगैरे. आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला सत्कारासाठी शाली लागणारच होत्या. दरवर्षीच्या त्या दीडशे रुपयांच्या शालींपेक्षा पैसे विणकराच्या घरी जाऊ देत, असं समितीला मीच पटवलं. ९०० रुपयांना एक, एकूण ८,१००. वर त्यानं एक मऊ शाल अंगठीतून आरपार काढून दाखवली आणि मी पाघळले. तशा २ पश्मिना शालींसाठी ६,००० रुपये अॅडव्हान्स यूपीआयनं, स्वतःच्या खात्यातून.

कार्यक्रमात माइकवरून मी त्या म्हाताऱ्या बायकांबद्दल चांगली पाच मिनिटं बोलले. सात जणांना शाल-श्रीफळ दिलं, दोन शाली उरल्या.

मग येवल्याहून मामेभाऊ आला. तो पैठणी विणतो. शाल हातात घेतली नि सवयीनं उलटी केली. "ताई, ही कुठल्या हातमागाची?" मागे या काठापासून त्या काठापर्यंत कापलेल्या दोऱ्यांची एकसारखी झालर. कुल्लूच्या शालीच्या टोकांना असतो तो रंगीत पट्टा म्हणे पैठणीच्या पदरासारखाच, रंगारंगाचे दोरे बोटांनी ओवत विणतात. दोऱ्यांची अशी सरसकट कापाकापी यंत्राची. त्यानं गोंड्याचा एक दोरा काडीनं पेटवला. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. इथे प्लॅस्टिक वितळावं तसा काळा, टणक मणी उरला. अॅक्रिलिक. अंगठीचं म्हणाल तर पातळ व्हिस्कोसही, म्हणजे कृत्रिम रेशीमही, तिच्यातून सरकन निघतं.

चीड याची येते की विक्रेत्यानं सांगितलेली रड खोटी नाही. कुल्लूत पूर्वी साधे पट्टू, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायची लोकरी वस्त्रं, विणत. १९४०च्या सुमारास हिमाचलातल्याच बुशहरकडचे विणकर आले, त्यांच्याबरोबर ही नक्षी आली. कुल्लूजवळच्या भुट्टीची विणकर सहकारी संस्था १९४४ची. कुल्लूच्या शालीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. १९८५च्या कायद्यानं काही प्रकारच्या शाली फक्त हातमागासाठी राखीवही ठेवल्यात. आणि त्याच नावावर यंत्रावरचा माल विकला जातो. येवल्यानं सेमी पैठणीत हेच भोगलंय, आणि मी येवल्याची!

विक्रेत्याचा फोन बंद. बिल काढून पाहिलं तर 'शाल, ९ नग', बस. कुल्लू नाही, लोकर नाही, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला, त्यांनी पहिल्यांदा बिलाचंच विचारलं. १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करेपर्यंत वीस दिवस उलटले होते. तो फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा बिलावर 'हातमाग, लोकर, कुल्लू' असं लिहून मागा. अस्सल हातमागाच्या मालासाठी २००६पासून हँडलूम मार्कचं लेबल आहे, ते शोधा. लिहून द्यायला विक्रेता कां-कूं करू लागला तर तिथूनच परत फिरा.

वाचनालयाचे ८,१०० मी भरून दिले. सत्कारमूर्तींपैकी एक निवृत्त गुरुजी निफाडला राहतात, तिथली थंडी तुम्हाला माहीत आहेच. परवा त्यांचा फोन आला, शाल छान उबदार आहे म्हणाले, आणि त्या विणणाऱ्या आजींना माझा नमस्कार कळवा. मी "हो, कळवते" म्हटलं.