पडदा तोच, आतलं सामान दुसरं

माझी गिटार चोरीला गेली नाही. ती घरीच आहे. पैसेही तसे गेले नाहीत. जेवढे आले होते तेवढेच मी परत पाठवले. म्हणूनच पोलीस ठाण्यात फसवणूक नेमकी कुठे झाली हे समजावून सांगता सांगता पाऊण तास गेला, आणि तरी हवालदार म्हणाले, "सर, वस्तू वापस आली नं जी तुमची? मंग गेलं काय?"

काय गेलं ते सांगतो. जुनं वाद्य विकायला काढणाऱ्यानं तरी वाचावं.

गडचिरोलीतल्या वडशापासून बारा-तेरा किलोमीटरवर माझं गाव. पेशानं शिक्षक, आता निवृत्त. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत रात्रभर गिटार वाजवायची आणि सकाळी डोळे चोळत शाळा गाठायची, असं बरीच वर्षं चाललं. त्या नादात सहा जुन्या गिटारी जमल्या. बायको त्यांना माझ्या सवती म्हणते. त्यातली सगळ्यात जड आणि सगळ्यात लाडकी म्हणजे ही जपानी ग्रेको, अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारीची हुबेहूब नक्कल. १९९८ साली कोलकात्यात रवींद्र सरणीवरच्या एका दुकानातून साडेनऊ हजारांना घेतली आणि गोंदियापर्यंत मांडीवर घेऊन आलो.

नक्कल म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण सत्तरच्या दशकातल्या या जपानी नकला इतक्या फक्कड होत्या की १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या कंपनीवर दावा ठोकला. ग्रेकोचा त्या दाव्याशी संबंध नव्हता, तरी त्या काळातल्या सगळ्याच जपानी नकलांना ‘लॉसूट’ गिटार, म्हणजे दाव्यातली गिटार, हे नाव चिकटलं, आणि नावाबरोबर भावही चढला. माझ्या गिटारीचा नंबर ‘एफ ७९’नं सुरू होतो. एफ म्हणजे सहावा महिना, म्हणजे जून १९७९ ची. आत मॅक्सन कंपनीचे दोन हंबकर पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपून ॲम्प्लिफायरला पोचवणारे दोन-दोन कॉइलचे भाग. खरी किंमत त्यांचीच. लाकूड काय, लाकूड आमच्या जंगलातही चांगलं मिळतं.

तिच्यावर मी दोन कामं करून घेतली होती. २०११ मध्ये टोनच्या एका नॉबखालचा पॉट, म्हणजे नॉबनं फिरणारा भाग, काढून तिथे वर-खाली ओढता येणारा पुश-पुल पॉट बसवला. नॉब वर ओढला की हंबकरच्या दोन कॉइलपैकी एकच चालते आणि आवाज पातळ, खणखणीत होतो. लावणीच्या तुकड्याला फार कामाचा. त्यासाठी पिकअप उघडून दोन कॉइलमधला जोड बाहेर काढावा लागतो. त्याला मी हिरवी वायर जोडली, कारण त्या दिवशी घरात तीच होती. दुसरं काम पाठीवर. आमच्या भागात नाटकाचे पडदे रंगवणारा एक जुना पेंटर आहे. त्यानं गिटारीच्या पाठीवर राजवाड्याचा पडदा रंगवून दिला, खांब, झुंबर, लांबवर कारंजं, सगळं वीतभर जागेत. अशी पाठ जगात दुसरी नाही. आणि मी खड्ड्यात गेलो तो या पाठीमुळेच.

स्लॅबसाठी पैसे हवे होते म्हणून विकायला काढली. किंमत ७८ हजार. तीन दिवसांत एकाचा फोन. पुण्याचा म्हणाला. गोड बोलणारा, मुद्देसूद, "दादा, दादा" करणारा. पुढचे पिकअप बदललेत का, पॉट मूळचे आहेत का, फ्रेट किती झिजलेत, सगळं नेमकं विचारलं. मला तर भरून आलं. एवढ्या बारकाईनं माझ्या बाईची चौकशी पंचवीस वर्षांत कुणी केली नव्हती. घासाघीस केली नाही. फक्त एक अट: मिळाल्यावर तीन दिवस वाजवून पाहीन, पटली नाही तर परत. पैसे मात्र आधीच पूर्ण टाकले. इथेच मी निर्धास्त झालो. मनात म्हटलं, पैसे आपल्या खिशात आहेत, आपल्याला कोण फसवणार?

मी गिटार पाठवली. मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. "दादा, गिटार सुंदर आहे, पण नेक जरा जाड वाटते, माझा हात लहान आहे. मन मोठं करा." तक्रारीत खोट काढायला जागाच नव्हती. नेक, म्हणजे गिटारीची दांडी, खरंच जाड आहे.

पार्सल आलं. मी काही अगदी भोळा नाही. खोक्यात दगड निघाल्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या, म्हणून कुरिअरवाल्या पोराला उंबऱ्यावर थांबवलं आणि भाच्याच्या हातात मोबाईल देऊन सगळा व्हिडिओ काढला. खोकं उघडलं. नंबर तोच. खालच्या कडेची टवका उडालेली जागा तीच. पाठीवर राजवाडा जसाच्या तसा, कारंज्यासकट. हुश्श झालं. वाजवून पाहिली असती, पण दुपारपासून लाईन गेली होती आणि ॲम्प बंद. तेवढ्यात त्याचा फोन, "दादा, उद्या सकाळी हप्ता कटतोय, आत्ता टाकाल का? या दुसऱ्या नंबरवर टाका, त्या खात्याची मर्यादा संपलीय." मी टाकले. अर्ध्या तासात. ७८ हजार, दोन वेळा करून.

लाईन रात्री नऊला आली. गिटार जोडली आणि पहिल्याच स्वराला कान टवकारले. आवाज मोठा होता, पण रखरखीत, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. वाटलं, प्रवासात काही हललं असेल. म्हणून पुश-पुलचा नॉब वर ओढला, तर नॉबच हातात आला. खाली साधा पॉट होता.

पाठीमागची पट्टी उघडली. माझ्या वेळचे मोठे पॉट जाऊन लहान, नवे, चकचकीत पॉट. वायरींच्या जोडांची झाळ ताजी, जुनी झाळ राखेसारखी मंद पडते, ही चांदीसारखी चमकत होती. मग पिकअप काढले. वरची झाकणं माझीच, घासलेली, डाग पडलेली. त्यानं ती सोडवून स्वस्तातल्या पिकअपवर बसवली होती. कॉइलचा रोध मोजायला मल्टिमीटर लावला. २०११ च्या माझ्या वहीत पुढचा ७.६ आणि मागचा ७.९ किलो-ओम असं लिहिलेलं आहे. आता मागचा चौदाच्या वर दाखवत होता. नंतर नीट पाहिलं तेव्हा कडेच्या तारासुद्धा स्क्रूच्या रेषेत नव्हत्या. हे सगळं मला दुपारीच दिसलं असतं, चार स्क्रू काढायचा अवकाश होता. पण मी राजवाडा बघत बसलो.

त्याचा फोन बंद. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर, १९३० वर, रात्रीच तक्रार नोंदवली, दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. बँक म्हणते, पैसे तुम्हीच, तुमच्या पिननं, तुमच्या मर्जीनं पाठवले. कायद्यात आता फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे, पण हवालदारांच्या तोंडी अजून ‘चारशेवीस’च. माणूस वाईट नव्हता. चहा पाजला आणि एक कामाची गोष्ट सांगितली: पैसे एका खात्यातून येतात आणि परत दुसऱ्या खात्यात मागतात, तिथेच थांबायचं असतं. आलेले पैसे कुणाला फसवून आणलेले निघाले तर उलट तुमचंच खातं गोठतं. मग त्यांनी विचारलं, "आतलं सामान पहिले कोणतं होतं, त्याचा फोटो आहे काय?"

नव्हता. पाठीच्या राजवाड्याचे चाळीस फोटो होते, आतला एकही नाही.

आता उरलेल्या पाचही गिटारी उघडून आतून फोटो काढले आहेत. पिकअपचे पाठीवरचे आकडे, झाळ, मीटरचा आकडा दिसेल असे. पट्टीच्या स्क्रूवर बायकोच्या नेलपॉलिशचा थेंब टाकलाय. कुणी फिरवला की तडा जातो. विकलीच कधी, तर हे फोटो पैसे घेण्याआधी घेणाऱ्याला पाठवणार, आणि परत आली तर उघडून, मोजून, वाजवून मगच पैसे सोडणार, तेही ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. लाईन नसेल तर लाईन येईपर्यंत थांबेल तो. ज्याला खरंच हप्ता भरायचा असतो तो एक रात्र थांबतो.

दीड महिन्यानं जुन्या सामानाच्या जाहिरातीत मॅक्सनची जोडी दिसली. सत्तरच्या दशकातली, ओरिजिनल, किंमत ३४ हजार. दुसऱ्या फोटोत पिकअप उलटा ठेवलेला, आणि त्यातून बोटभर हिरवी वायर बाहेर. जाहिरातीचा फोटो ठाण्यात नेऊन दिला. हवालदार बराच वेळ बघत राहिले. "हिरवी वायर तर कोणाचीबी राहू शकते नं, सर." तीन दिवसांनी जाहिरात गायब झाली.

परवा नाटकात ऑक्टोपॅड वाजवणारा आमच्या गावचा पोरगा घरी आला होता. गिटार ॲम्पला लावून दहा मिनिटं झोडपली. म्हणाला, "सर, बारा हजारात देता काय? पहिलेपेक्षा आता लय जोरात वाजते."