मीडियम सांगून ५६ मापाची मोठी सायकल गळ्यात मारली, रोड बाईक घेणाऱ्यांनी नीट वाचा

पहिली रोड बाईक, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची वेगवान सायकल, घ्यायचा विचार चाललाय का तुमचा किंवा घरातल्या कोणाचा? मग हे शेवटपर्यंत वाचा, कारण माझ्या भाच्याला ज्या पद्धतीने फसवलं ती पद्धत कुठल्याही शहरात चालू शकते आणि दुकानात उभं असताना ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. प्रकार नाशिकचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, तडजोडीत तसं कबूल केलंय, पण बाकी सगळं सांगतो.

भाचा एकोणीसचा, उंची १६८ सेंटिमीटर. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन ह्या दोघा भावांनी २०१५ साली अमेरिकेतली रॅम, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली तेव्हा हा शाळेत होता, तेव्हापासून डोक्यात लांब पल्ल्याची सायकलिंगच. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांच्या आत करायची म्हणून शिकवण्या घेऊन पैसे साठवले, कमी पडले ते ताईने घातले आणि ७८ हजाराची सायकल आली. ॲल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, मागच्या वर्षीचं मॉडेल म्हणून चांगला डिस्काउंट. सेल्समन म्हणाला, भाऊ तुमच्या उंचीला मीडियमच लागते, नशीब बघा शेवटचा एकच पीस राहिलाय. फ्रेमवर सीटच्या खाली गोल स्टिकर, त्यावर एम. सायकल घरी यायच्या आधी भाच्याने व्हॉट्सॲपवर पण विचारलं होतं आणि दुकानातून लेखी उत्तर आलं होतं की हो, मीडियमच आहे, तुमच्या साइजची. हा मेसेज पुढे फार कामाला आला.

दुकानात फिटिंग कसं केलं ते ऐका. त्याला सायकलच्या दांड्यावर दोन्ही बाजूला पाय टाकून उभं केलं, पाय टेकतात ना, झालं मग. सीट खालीवर करून पेडल मारून बघायला लावलं, गुडघा व्यवस्थित सरळ होतोय, परफेक्ट. आता ह्यात चूक काय हे पोराला कळणार कसं? आजकालच्या फ्रेमची वरची नळी मागे उतरती असते, नव्वदच्या दशकात जायंटच्या टीसीआरसाठी माइक बरोज ह्या ब्रिटिश डिझायनरने ती उतरती रचना आणली आणि मग सगळ्यांनीच उचलली, तिचा फायदा हाच की थोड्या मापांत जास्त लोक बसवता येतात. त्यामुळे दोन मापं मोठी फ्रेम असली तरी पाय आरामात टेकतात. आणि सीटची उंची तर पाना फिरवला की जुळते. म्हणजे दुकानदार ज्या दोन गोष्टी दाखवतो त्या दोन्ही चुकीच्या फ्रेमवर पण बरोबरच दिसतात. जी गोष्ट जुळत नाही ती म्हणजे लांबी, सीटपासून हँडलपर्यंतची, आणि ती कोणी दाखवतच नाही.

त्रास सुरू झाला तो पहिल्याच लांब राइडला. त्र्यंबकहून परत येताना दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर, मान आखडलेली. मग गुडघ्याच्या वाटीच्या खाली दुखायला लागलं. कसारा घाट उतरताना तर म्हणाला मामा, हँडल इतकं चुळबुळ करतं की जरा धक्का दिला तरी सायकल भलतीकडे जाते, मला भीती वाटली. दुकानात गेला तर उत्तर एकच, रोड बाईक आहे, सवय होईल, ग्लोव्हज घ्या. ग्लोव्हज विकले पण त्याला. डॉक्टरांनी सांगितलं तळहाताच्या कडेची नस दाबली जातेय, सायकल तरी एकदा तपासून घ्या.

तेव्हा आम्ही जुन्या नाशकातल्या एका मिस्त्रींकडे गेलो, वयस्कर माणूस, आयुष्य सायकलीत गेलेलं. त्यांनी फ्रेमकडे बघितलंच नाही आधी, खाली वाकून स्टेम बघितला, म्हणजे हँडल जिथे पकडलेलं असतं तो पुढचा तुकडा. त्याच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात ६० लिहिलेलं, मिलिमीटर. म्हणाले, रोड बाईकवर कंपनी एवढा आखूड देत नाही, ९० ते ११० असतो साधारण, हा कोणीतरी नंतर बसवलाय. मग क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्या दांडीला लावलेलं असतं तिच्या, आतल्या बाजूचा चिखल पुसला, तिथे कोरलेलं १७२.५. मग सीटचे रूळ दाखवले, सीट जितकी पुढे सरकते तितकी टोकापर्यंत सरकवलेली, म्हणून गुडघा पेडलच्या फार पुढे जात होता. हे सगळं करून फ्रेमची जास्तीची लांबी झाकली होती. शेवटी तो गोल स्टिकर नखाने सोलला तर खाली मूळ छपाई, ५६, म्हणजे फ्रेमचं खरं माप.

मी त्याच रात्री कंपनीच्या वेबसाइटवरचा तक्ता उघडून बसलो. ह्या मॉडेलला १६८ उंचीसाठी ५२, त्याला १७० चा क्रँक आणि ९० चा स्टेम. ५६ ला १७२.५ चा क्रँक आणि १०० चा स्टेम, उंची १७८ च्या पुढे. वरच्या नळीची आडवी लांबी ५२ मध्ये ५३ सेंटिमीटर, ५६ मध्ये ५६. तीन सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही पण पाच-सहा तास त्यावर ओणवं राहायचं असेल तर तेवढ्यात मान आणि हात जातात. पेडलच्या खाली, बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या फ्रेमच्या भागाच्या, बुडाला फ्रेम नंबर कोरलेला असतो, तो फोटो काढून कंपनीच्या कस्टमर केअरला पाठवला, त्यांचं ईमेल आलं की हा नंबर ५६ म्हणूनच पाठवलेला माल आहे. म्हणजे स्टिकर कंपनीचा नाही, दुकानात लावलेला. न खपलेली मोठी साइज खपवायला मुद्दाम स्टेम बदलून, सीट पुढे ढकलून, खोटं लेबल चिकटवून विकली. ह्याला चुकून झालं म्हणता येत नाही, आणि मला ह्याचाच सगळ्यात जास्त राग आहे, एकोणीस वर्षाच्या पोराच्या हातांशी आणि घाटात त्याच्या जिवाशी खेळले.

मालकाने आधी बिलावरचं विकलेला माल परत घेतला जाणार नाही हे वाक्य दाखवलं. त्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूबद्दल खोटी माहिती देऊन विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलावर काय छापलंय त्याने ते धुऊन निघत नाही. आम्ही १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सोबत व्हॉट्सॲप मेसेज, सोललेल्या स्टिकरचे फोटो, कंपनीचं ईमेल. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही तयारी ठेवली होती आणि तसं मालकाला लेखी कळवलं. मग शेठची भाषा बदलली. सायकल परत घेतली, वापरली म्हणून सहा हजार कापून बाकी पैसे दिले. सहा हजारासाठी भांडावं असं मला वाटत होतं पण भाचा म्हणाला मामा आता बास, मला सायकल चालवायचीय.

आता घेणाऱ्यांसाठी. दुकानात जायच्या आधी घरी माप काढा. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, जाड पुट्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मधे आडवं धरून सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबायचं, पुस्तकाची वरची कड भिंतीवर जिथे येते तिथे पेन्सिलीची खूण, तिथून जमिनीपर्यंत मोजायचं. ह्याला ०.६७ ने गुणलं की जुन्या पद्धतीच्या फ्रेमचं माप साधारण येतं, भाच्याचं ७७ सेंटिमीटर आलं, म्हणजे ५१.६. ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची येते, त्याची ६८. हे आकडे अंदाजासाठी, कारण हात-धड लांब-आखूड असतात आणि एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५२ एवढी असू शकते, एम तर प्रत्येकाचा वेगळा. म्हणून तक्त्यात स्टॅक आणि रीच हे दोन आकडे बघा, बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबचं, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीचं, वरचं टोक किती वर आणि किती पुढे आहे ते, दोन कंपन्यांच्या फ्रेमची तुलना करायला हेच सगळ्यात भरवशाचे. दोन साइजच्या मधे अडकलात तर मी तरी छोटी घ्या म्हणेन, छोट्या फ्रेमला थोडा लांब स्टेम लावता येतो, मोठीला आखूड लावत गेलं की घाटात काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आणि बिलावर साइज आणि फ्रेम नंबर दोन्ही लिहून घ्या. आमच्या बिलावर फक्त मॉडेलचं नाव आणि एक नग एवढंच होतं. दुकानदार लिहून द्यायला नाही म्हणाला तर तिथून सरळ निघा.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. परत दिलेली सायकल त्या दुकानात पुन्हा उभी आहे, मी काचेतून स्वतः बघितली, गडद निळी, आणि स्टेम अजून तोच आखूड दिसतोय. नाशिक किंवा आसपास कोणाला निळी मीडियम शेवटचा पीस म्हणून कोणी दाखवत असेल तर स्टेमच्या खालचा आकडा आणि क्रँकच्या आतला आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. शंका असेल तर दोन्हीचे फोटो आणि आपलं पायाचं माप मला पाठवा, तक्ता बघून सांगतो.