हलक्या गिअरचे पैसे घेतले आणि जड गिअर बसवला

माझे वय ५४ आहे आणि गेली सहा वर्षे मी बहुतेक रविवारी माउंटन बाइकवर सिंहगडाचा घाट चढतो. गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंतचा हा आठ-नऊ किलोमीटरचा चढ तसा ओळखीचा झाला होता. परंतु गेल्या वर्षी उभ्या वळणांवर उजवा गुडघा दुखू लागला आणि डॉक्टरांनी सायकल बंद न करता पायावरचा जोर कमी करायला सांगितले. त्यासाठी गिअर हलके करून घ्यायला मी शहरातल्या एका दुकानात गेलो आणि तिथे माझी फसवणूक झाली. चढासाठी क्रँक (पायडलचे दांडे आणि पुढची दातेरी चकती) किंवा कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) बदलून घेण्याच्या विचारात जे कोणी असतील, त्यांनी पैसे देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठीच तो सविस्तर लिहीत आहे.

माझ्या सायकलला पुढे ४२, ३२ आणि २२ दात्यांच्या तीन चकत्या होत्या आणि मागे ११ ते ३२ दात्यांची आठ गिअरची कॅसेट होती. दुकानदार म्हणाला, "काका, तीन चकत्यांचा जमाना गेला. पुढे एकच चकती आणि मागे मोठी कॅसेट टाकू, घाट लोण्यासारखा चढाल." पुढे ३० दात्यांची चकती असलेला, पोकळ आसाचा शिमानो कंपनीचा डिओर क्रँक, मागे ११-४६ची (सर्वांत लहान चकती ११ आणि सर्वांत मोठी ४६ दात्यांची) दहा गिअरची कॅसेट आणि त्याला जुळणारे डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका) व चेन, असे सगळे मिळून त्याने १९,२०० रुपये सांगितले. तपशील मी व्हॉट्सअॅपवर लिहून मागितला आणि त्याने तो पाठवला. पुढे माझ्या हातात जे काही उरले, ते या एका संदेशामुळे.

सायकल परत मिळाल्यावर पहिल्याच रविवारी घाटाच्या पहिल्या किलोमीटरमध्ये मला जाणवले की सर्वांत हलक्या गिअरमध्येही पाय पूर्वीपेक्षा जड चालत आहेत. निम्म्या घाटात उतरून सायकल ढकलावी लागली, जे गेल्या चार वर्षांत एकदाही घडले नव्हते. उतरताना खडबडीत पट्ट्यावर दोनदा चेन पडली. दुकानात फोन केला, तेव्हा "नवीन सेटअप आहे काका, पाय बसायला महिना लागतो," असे उत्तर मिळाले. मी ते खरे मानले आणि तीन आठवडे गुडघा आणखी दुखवून घेतला, याचे मला आजही वाईट वाटते.

शेवटी आमच्या गटातल्या एका निवृत्त अभियंत्यांनी सायकल उलटी करायला लावली. त्यांनी पुढच्या चकतीच्या एका दात्यावर खडूने खूण केली आणि आम्ही दोघांनी क्रँक हाताने हळूहळू फिरवत दाते मोजले. ते ३४ भरले. पुन्हा मोजले, पुन्हा ३४. चकतीवर दात्यांचा आकडा कोरलेला असतो. इथे त्या जागी काळा रंग फासलेला होता आणि नखाने खरवडल्यावर खालून ३४ हा आकडा दिसू लागला. मागच्या कॅसेटच्या सर्वांत मोठ्या चकतीवर तर ४२ असे स्पष्ट छापलेले होते, पण ते पाहण्याचे मला सुचलेच नव्हते.

चढ सोपा होणार की अवघड, हे पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागले की कळते; उत्तर जितके लहान, तितका गिअर हलका. माझा जुना सर्वांत हलका गिअर २२ भागिले ३२, म्हणजे सुमारे ०.६९ होता. कबूल केलेला ३० भागिले ४६, म्हणजे ०.६५ होता. प्रत्यक्षात बसवलेला ३४ भागिले ४२, म्हणजे ०.८१ निघाला. साडेसत्तावीस इंची चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरला, तर पूर्वी पायडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटर पुढे जात होती आणि आता पावणेदोन मीटरहून जास्त जाते. त्याच चढावर त्याच पायांना जवळपास १८ टक्के जास्त जोर लावावा लागत होता, आणि त्यासाठी मी १९,२०० रुपये मोजले होते. हे गणित करायला दोन मिनिटे लागतात. आणखी क्लेशदायक बाब अशी की, जुना क्रँक तसाच ठेवून मागे नुसती ११-३४ची आठ गिअरची कॅसेट आणि नवी चेन बसवली असती, तर २२ भागिले ३४, म्हणजे हेच ०.६५ साध्य झाले असते, आणि तेही या रकमेच्या लहानशा भागात. दुकानदाराला हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

क्रँकही सांगितलेला नव्हता. पोकळ आसाच्या शिमानो क्रँकमध्ये डाव्या दांड्याला पायडलच्या विरुद्ध टोकाशी आवळण्याचे दोन बोल्ट दिसतात. माझ्या क्रँकवर रबरी टोपण होते. ते काढल्यावर आत एकच बोल्ट आणि त्यामागे जुना चौकोनी आस होता, म्हणजे नव्या बेअरिंगचे पैसे घेऊन जुनेच ठेवले होते. दांड्याच्या आतल्या बाजूला मॉडेलचा क्रमांक उमटवलेला असायला हवा, ती बाजू कोरी होती, आणि बाहेरचे नाव रॉकेलच्या बोळ्याने पुसले गेले. एकाच चकतीच्या क्रँकवर चेन पडू नये म्हणून एक दाता जाड आणि एक बारीक अशी रचना असते. माझ्या चकतीचे सगळे दाते सारखे होते. चेन का पडत होती, ते तिथे कळले.

मी दुकानात जाऊन जुने सामान मागितले, तेव्हा ते भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. परंतु दाराशी विक्रीला लावलेल्या एका जुन्या सायकलवर माझाच क्रँक होता. राजमाचीच्या वाटेवर दगडावर आपटून त्याच्या डाव्या दांड्याला पडलेला आडवा ओरखडा मी कुठेही ओळखेन. काम करून घेताना जुने सुटे भाग त्याच दिवशी ताब्यात घ्यावेत, हे मी तिथे शिकलो.

बिलावर फक्त "गिअर अपग्रेड" एवढेच लिहिलेले होते, त्यामुळे दुकानदार सुरुवातीला काहीच मान्य करेना. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि व्हॉट्सअॅपचा संदेश पुढे केला, तेव्हा त्याने ११,००० रुपये आणि माझा जुना क्रँक, शिफ्टर व डिरेलर परत केले. दुसऱ्या मेकॅनिककडून मी माझ्यासमोर ११-३४ची कॅसेट बसवून घेतली आणि दाते स्वतः मोजले. उरलेल्या ८,२०० रुपयांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. बिल, संदेश आणि खरवडलेल्या काळ्या रंगाखाली ३४ हा आकडा दिसणाऱ्या चकतीचे छायाचित्र मी अर्जाला जोडले आहे.