पैकीच्या पैकी गुण दिले, तिथेच फसले

ज्या शोरूमला मी स्वतःच्या हाताने सगळ्यांत जास्त गुण दिले, त्याच शोरूममधून गाडी घेतली आणि तिथेच फसले. आठ महिने मी हे घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. परवा मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, गाडी घ्यायचीच आहे, तर गुप्त ग्राहक म्हणून शोरूम फिरू का? चार पैसे मिळतील आणि आतली माहितीही कळेल." वर्षभरापूर्वी मी माझ्या भावाला नेमकं हेच वाक्य ऐकवलं होतं. तिच्याशी तासभर बोलले. तेच इथे लिहिते आहे, कारण असा विचार करणारी ती एकटी नसणार.

गुप्त ग्राहक, म्हणजे मिस्टरी शॉपिंग. गाड्या बनवणारी कंपनी किंवा शोरूमचा मालक पाहणी करणाऱ्या एखाद्या संस्थेला काम देतो, आणि ती संस्था आपल्यासारख्या साध्या माणसांना गिऱ्हाईक म्हणून पाठवते. कुठलं मॉडेल विचारायचं, स्वतःबद्दल काय सांगायचं, कोणते प्रश्न करायचे, हे सगळं आधी लिहून येतं. परत आलं की लगोलग लांबलचक प्रश्नावली भरायची. किती मिनिटांत कुणी जवळ आलं? नाव विचारलं का? टेस्ट ड्राइव्ह आपणहून देऊ केली का? दुसऱ्या दिवशी फोन आला का? मानधन किरकोळ असतं. पोटापाण्याचं काम म्हणून त्याकडे बघू नये.

या कामाच्या नावावर चालणारी एक वेगळी लबाडी आहे, तीही सांगून टाकते. सुरुवातीला मलाही तसा निरोप आला होता. निवड झाल्याचं सांगतात, मोठ्या रकमेचा धनादेश पाठवतात, तो खात्यात भरायला लावतात. त्यातली थोडी रक्कम मानधन म्हणून ठेवा आणि उरलेल्याची गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे नंबर कळवा, किंवा पैसे अमक्याला पाठवा, ही म्हणे तुमची पहिली पाहणी. धनादेश वटल्यासारखा दिसतो. काही दिवसांनी तो खोटा निघून परत येतो, आणि पाठवलेले पैसे तुमच्या खिशातून गेलेले असतात. काम देणारी खरी संस्था तुमच्याकडून नोंदणीची फी घेत नाही आणि तुमच्या खात्यातून पैसे फिरवायला सांगत नाही. भावाला शंका आली म्हणून मी वाचले. पुढे मिळालेली संस्था खरी होती, मानधन वेळेवर येत होतं. मी फसले ते त्यानंतर.

माझी जुनी गाडी डबघाईला आली होती. क्लच गेलेला, थंडीत चालू व्हायला चार-चार वेळा किल्ली फिरवावी लागे. आईच्या गुडघ्यांमुळे तिला उंच पायऱ्या चढवत नाहीत, त्यामुळे गाडीशिवाय चालणार नव्हतं आणि बजेट तर आखूड. सेकंडहँड घ्यायची भीती वाटत होती. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. विकणाऱ्याला गाडीचं खरं दुखणं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, आणि त्यामुळे सगळा बाजारच कसा नासतो हे त्यात आहे. म्हणून ठरवलं, लहान का होईना पण नवी घ्यायची. नव्या गाडीत काय लपवणार?

दोन महिन्यांत मी पाच शोरूम पाहिल्या. एका ठिकाणी वीस मिनिटं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. दुसरीकडे सेल्समन सारखा विचारत होता, "घरून कुणी येणार आहे का?" मी एकटी आहे म्हटल्यावर त्याने कोटेशन द्यायचंच टाळलं. हा निव्वळ माझा संशय नाही. अमेरिकेत इयन एअर्स आणि पीटर सीगलमन यांनी १९९५ साली छापलेल्या अभ्यासात जोडीजोडीने पाठवलेल्या चाचणी-ग्राहकांनी ३०० हून अधिक वेळा शोरूममध्ये एकसारखीच, पाठ केलेली घासाघीस केली होती. गोऱ्या पुरुषांना सांगितलेले भाव बायकांपेक्षा आणि काळ्या ग्राहकांपेक्षा लक्षणीय कमी निघाले. तो अभ्यास गुप्त ग्राहकांचाच होता म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की त्यांनी शेवटी हातात आलेला आकडा मोजला. आमच्या प्रश्नावलीत किमतीबद्दल एकच ओळ होती: "लेखी कोटेशन दिले का? होय / नाही." दिलेलं कोटेशन खरं होतं का, हे कुणी विचारलेलं नव्हतं. ते मला तेव्हा खटकायला हवं होतं.

चौथ्या शोरूममध्ये गेले आणि बरं वाटलं. तिथला मुलगा दारापर्यंत आला. आईचा विषय निघाला तेव्हा त्याने स्वतःहून दोन गाड्यांच्या सीटची उंची दाखवली, दार पूर्ण उघडून आत बसायला लावलं, म्हणाला, "मॅडम, आईंना एकदा घेऊनच या, त्यांना बसून बघू दे." दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न आईच्या गुडघ्यांबद्दल. मी प्रश्नावलीत त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि खाली शेऱ्यात चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या. पाहणी केलेल्या शोरूममध्ये काही महिने स्वतःसाठी खरेदी करायची नाही, असं आमच्या करारात होतं. मी तो नियम मोडला आणि तीन आठवड्यांनी खरी गिऱ्हाईक म्हणून तिथेच गेले. एवढं चांगलं माणूस दुसरीकडे कुठे शोधायचं, असं वाटलं.

आता जे झालं ते सविस्तर सांगते, कारण प्रत्येक पायरी नीट आखलेली होती आणि तीच पायरी तुमच्याही समोर येऊ शकते.

बसल्याबसल्या त्याने माझ्या जुन्या गाडीची किल्ली मागितली. आमचा माणूस बघून किंमत सांगेल, दहा मिनिटं. ती किल्ली मला दीड तासाने परत मिळाली. त्या दीड तासात दोनदा उठावंसं वाटलं, पण गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात असताना माणूस उठून जात नाही.

मग त्याने एक कोरा कागद घेतला, मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ मारली. चार चौकोन झाले. एकात नव्या गाडीची किंमत, दुसऱ्यात जुन्या गाडीचे पैसे, तिसऱ्यात डाउन पेमेंट, चौथ्यात महिन्याचा हप्ता. या धंद्यात त्याला फोर स्क्वेअर म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. "मॅडम, महिन्याला किती जमेल?" त्याने विचारला तो हा एकच आकडा. मी सांगितला. त्यापुढचा सगळा वेळ आम्ही त्या चौथ्या चौकोनाबद्दल बोलत होतो. जुन्या गाडीचे पैसे मी भांडून वाढवून घेतले आणि मला फार आनंद झाला. त्याच वेळी पहिल्या चौकोनातली सूट खोडली गेली, ती मी पाहिलीच नाही. कागदावर इतकी खाडाखोड होती की कुठला आकडा जिवंत आणि कुठला मेलेला, ते त्यालाच ठाऊक.

शेवटी हप्ता माझ्या आकड्यापेक्षाही थोडा कमी बसला. तो उठून उभा राहिला, हात मिळवला. मला वाटलं जमलं.

पुढे फायनान्सच्या केबिनमध्ये दुसरा माणूस होता. माझ्याकडे माझ्या बँकेचं पत्र होतं, ९ टक्के दराचं. तो हसून म्हणाला, "आमच्याकडे ७ टक्के आहे, नऊचं कशाला घेता?" सात नऊपेक्षा कमी, एवढाच हिशेब मी केला. बँकेचं पत्र पर्समध्ये परत ठेवलं. नंतर दहा-बारा ठिकाणी सह्या झाल्या. पान उलटायचं, बोट ठेवायचं, "इथे, आणि इथे."

महिनाभराने कर्जाचं वेळापत्रक आलं. शेवटच्या हप्त्याची तारीख बघून मला आधी वाटलं छापायची चूक झाली आहे. सात वर्षांनंतरची तारीख होती. माझ्या डोक्यात चार वर्षं होती, मी केबिनमध्ये तसं बोललेही होते. कागदावर ८४ महिने होते आणि खाली माझी सही.

तो ७ टक्के दर फ्लॅट होता. म्हणजे व्याज मूळ रकमेवर, सातही वर्षं, तुम्ही कितीही फेडलेलं असलं तरी. बँकेचे ९ टक्के घटत्या शिलकीवर होते, जेवढं देणं उरलं तेवढ्यावरच व्याज. शंभराच्या हिशेबात सांगते. बँकेकडून शंभर घेऊन ४८ महिन्यांत फेडले असते तर व्याज साडेएकोणीसच्या आसपास पडलं असतं. मी सही केली त्यात शंभरावर ४९ पडतं. सात गुणिले सात, इतकं सरळ. घटत्या शिलकीच्या भाषेत तोच दर १२ टक्क्यांच्या थोडा वर जातो. हा हिशेब भावाने मला जेवणाच्या टेबलावर कागदावर मांडून दाखवला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मुदत वाढवली म्हणून हप्ता लहान दिसत होता, आणि त्या लहान हप्त्याच्या आड कर्जाची रक्कमच फुगवली होती. वाढीव वॉरंटी, रंगावरचं संरक्षक कोटिंग, ॲक्सेसरीजचा एक संच आणि 'हँडलिंग' नावाचा एक आकडा. यातलं एकही मी मागितलं नव्हतं. कोटिंगबद्दल तर माझ्याशी कुणी बोललंही नव्हतं. आधीच्या लेखी कोटेशनमध्ये, ज्याला मी 'होय' अशी खूण केली होती, या चारपैकी एकही ओळ नाही. ते कोटेशन मी जपून ठेवलं होतं म्हणून निदान तेवढं सिद्ध करता आलं.

तक्रार करायला गेले तेव्हा तो मुलगा तितकाच नम्र होता. आईची चौकशी केली, खुर्ची ओढून दिली, आणि म्हणाला, "मॅडम, सही तुमचीच आहे ना?" त्याच्या आवाजात जराही फरक नव्हता, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त त्रास झाला. त्याचं अगत्य खोटं नसेलही. पण अगत्य आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी विसरले. दोन महिने मी स्वागताची मिनिटं मोजत होते, हसू बघून गुण देत होते. माझी नजरच तशी तयार झाली होती. जी बाई परक्या शोरूममध्ये घड्याळ लावून बसायची, तिने स्वतःच्या सहीखालचा महिन्यांचा आकडा वाचला नाही.

पाठपुरावा सोडला नाही. लेखी अर्ज दिला, जुनं कोटेशन जोडलं, गाडी बनवणाऱ्या कंपनीकडेही तक्रार केली. वाढीव वॉरंटी रद्द झाली, तिचे बहुतेक पैसे कर्जातून वजा झाले. कोटिंगचे परत मिळाले नाहीत, कारण म्हणे काम झालेलं आहे. हँडलिंगचे अर्धे दिले. कर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवता येईल का ते बघते आहे. फ्लॅट दरात मुदतीआधी फेडलं तर व्याजातली किती सूट मिळते, हे करारातल्या कलमावर अवलंबून असतं, आणि ते कलम मी आत्ता पहिल्यांदा वाचते आहे.

मैत्रिणीच्या बहिणीला मी काम करू नको म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की पाहणी केलेल्या जागी गाडी घेऊ नकोस, आणि जिथे घेशील तिथे महिन्याचा आकडा तोंडातून काढू नकोस. आधी गाडीची एकूण किंमत लेखी, सगळ्या ओळींसकट. मग जुन्या गाडीचा व्यवहार वेगळा, शक्य तर वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या ठिकाणी भाव काढून. कर्जाचं सगळ्यांत शेवटी, आणि एकच प्रश्न: शेवटच्या हप्त्यापर्यंत माझ्याकडून एकूण किती जाणार? तो आकडा कागदावर लिहून दिल्याशिवाय पेन हातात घ्यायचं नाही. गाडीची दुसरी किल्ली घरी ठेवायची नाही, पर्समध्ये न्यायची.

पाहणी करणाऱ्या संस्थेला मी सगळं लिहून कळवलं, नियम मोडल्याची कबुलीही दिली. सोबत प्रश्नावलीत एक ओळ वाढवा असं सुचवलं: "ग्राहकाने सही केलेली एकूण रक्कम लेखी कोटेशनशी जुळते का?" चार दिवसांनी उत्तर आलं. माझं नाव यादीतून काढलं होतं, आणि प्रश्नावली पाहणी करून घेणारी कंपनी ठरवते, त्यात आम्हाला बदल करता येत नाही, असं लिहिलं होतं. मी ती ओळ गाडी बनवणाऱ्या कंपनीला पाठवली आहे. त्यांच्याकडून अजून काही आलेलं नाही.