चष्म्याची काडी मोडली: डाग द्यावा की नवी फ्रेम घ्यावी?

स्क्रू पडला किंवा नोजपॅड निघाला, तर विचार करण्यासारखं काही नाही. लक्ष्मी रोडला असो वा घराजवळच्या चष्मेवाल्याकडे, उभ्या उभ्या काम होतं. ओळखीचा असेल तर तो पैसेही घेत नाही. शेलची, म्हणजे प्लॅस्टिकची, फ्रेम नाकावर मधोमध दुभंगली, तर तिथेही फारसा प्रश्न उरत नाही. चिकटवून मिळते, पण सगळा ताण त्याच सांध्यावर येतो आणि पुन्हा तिथेच तुटते. घरच्या घरी इन्स्टंट ग्लू तर लावूच नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढरट थर बसतो.

अडचण मधल्या प्रकारात आहे. धातूची फ्रेम, काचा धडधाकट, नंबर तोच आणि काडी बिजागरीपाशी मोडलेली. दुचाकीवाल्यांच्या पुण्यात हे बरंच होतं, कारण चष्म्यावरून हेल्मेट चढवता-उतरवताना काड्या फाकतात आणि कधीतरी एक हातात येते. माझ्याकडे असं दोनदा झालं. एकदा नवी फ्रेम घेतली, एकदा डाग देऊन, म्हणजे ज्योतीवर धातूने सांधून, घेतला.

नव्या फ्रेमच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून नंबरच्या चष्म्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. तुमचा नंबर एकेरी (फक्त लांबचा किंवा फक्त जवळचा) असेल, काचा साध्या असतील आणि त्यांवर ओरखडे पडलेच असतील, तर मी स्वतः नवीनच घेईन. डोळे तपासून बरेच दिवस झाले असतील तरीही. बदलायच्याच काचांसाठी जुनी फ्रेम जोडून घेण्यात अर्थ नाही.

पण चाळिशीनंतरचा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर जरा थांबा. त्यात वर लांबचा नंबर, खाली वाचायचा आणि मध्ये अरुंद पट्टा असतो. दोन्ही कडांना थोडं धूसर दिसतं. ही काच त्या फ्रेमच्या उंचीप्रमाणे आणि ती नाकावर जिथे बसते त्याप्रमाणे घासलेली असते. फ्रेम बदलली की बहुधा काचाही बदलाव्या लागतात, आणि खर्च मुख्यतः काचांचाच असतो. तोही मी एक वेळ सोसला असता. मला सोसलं नाही ते पुढचं. नवी फ्रेम उंचीला कमी होती, आजकाल बऱ्याच असतात. बाहुलीपासून खालच्या काठापर्यंत साधारण 18 मिलिमीटर जागा असली तर वाचायचा भाग ऐसपैस मिळतो. त्याहून कमी जागेसाठी वेगळ्या काचा येतात, तशा मला मिळाल्याही, पण त्यात मधला पट्टा आखूड होतो. बसची पाटी स्वच्छ दिसायची, मात्र हातातलं पेपरचं पान वाचायला हनुवटी वर करावी लागायची. संध्याकाळपर्यंत मान भरून यायची. जिना उतरताना पायरी किंचित सरकल्यासारखी वाटायची, म्हणून मी कठडा धरायचो. नजर बसेल, असं दुकानात सांगितलं होतं. हळूहळू बसलीही, पण जुन्या चष्म्यातलं ते न जाणवणं परत आलं नाही.

दुसऱ्या वेळी म्हणूनच डाग दिला. कारागिराने आधी काचा उतरवल्या. उष्णतेने कोटिंगला बारीक चिरा जातात. मग ज्योतीवर जोड बसवला, घासून साफ केला आणि काडी उघडमीट करून पाहिली. जोडाच्या जागी मुलामा जळून करडा ठिपका राहिला, तो मला आरशाजवळ गेलं की दिसतो. काडी थोडी कडक उघडते. पण काचा त्याच, नजर तीच, आणि दुकानातून निघालो तो थेट गाडीवर बसून घरी आलो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. तुमचं नाक, तुमची सवय वेगळी असू शकते, हेही खरं.

दोन गोष्टी बघून घ्या. फ्रेम टायटॅनियमची असेल तर साध्या ज्योतीचा डाग तिला चालत नाही, लेझर वेल्डिंग लागतं. ते करणारे कमी आहेत, तेव्हा आधी विचारा. आणि काडीच्या आतल्या बाजूला 52, 18, 140 असे आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. काही चष्मेवाल्यांकडे जुन्या फ्रेमच्या सुट्या काड्या पडून असतात. हे आकडे आणि बिजागरीचा प्रकार जुळला, तर डागाचीही गरज पडत नाही. रंग थोडा वेगळा मिळाला तरी मी ती काडी आनंदाने लावून घेईन.

जुन्याच काचा नव्या फ्रेममध्ये घालून द्या, असंही विचारून बघता येतं. पण फ्रेम थोडी लहान हवी आणि घासल्यावर काचेचा मध्य बाहुलीसमोरच यायला हवा. घासताना काच टवकली तर जबाबदारी कोणाची, म्हणून बरेच जण नाही म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही.

डाग देऊन चष्मा ताब्यात घेताना तो सपाट काचेच्या काउंटरवर उघडून ठेवा. दोन्ही काड्या सारख्या टेकल्या पाहिजेत. एक अधांतरी राहिली, तर तिथेच बसवून घ्या. प्रोग्रेसिव्हमध्ये एवढासा कलही वाचताना जाणवतो.