अँबेसेडरला कोणता कार्बोरेटर? आधी मे महिना आठवा

अँबेसेडरचं 1489 सीसी इंजिन जरा चपळ करायचं म्हटलं की कार्बोरेटरचे (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) तीन पर्याय निघतात: वेबर कंपनीचा आडवा डीसीओई, वेबरचाच उभा 32/36, नाहीतर एसयू कंपनीच्या कार्बोरेटरची जोडी. "पॉवर किती वाढेल भाऊ?" हे सगळेच विचारतात. नागपुरात त्याआधी विचारायचं ते हे, की पारा 45 वर असताना सीताबर्डीच्या बाजारात दहा मिनिटं उभी केलेली गाडी परत सुरू होईल का?

या इंजिनात इनटेक (मिश्रण आत जायची वाट) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर पडायची वाट) एकाच बाजूला. कार्बोरेटर तापलेल्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे या वाटांच्या नळ्यांच्या, डोक्यावर बसतो. इंजिन बंद झालं, पंखा थांबला की फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उकळतं. मग नाकाला वास आणि हातात स्टार्टर.

डीसीओई दिसायला राजा. व्हेंचुरी (हवेचा अरुंद गळा), मेन जेट (पेट्रोलचं मुख्य भोक), एअर करेक्टर (त्यात हवा मिसळणारं भोक), सगळं बदलता येतं. व्हेंचुरीचे मिलिमीटर गुणिले चार हा मेन जेटचा सुरुवातीचा अंदाज, म्हणजे 30 ला 120. पण त्याची खरी मजा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र बॅरल (हवेची नळी) मिळाला तर. आपल्या हेडला चार सिलिंडरमध्ये इनटेक पोर्ट दोनच! अर्धा पैसा तिथेच वाया.

32/36 समंजस. आधी 32 चा बॅरल उघडतो, पाय बराच दाबल्यावर 36 चा. गावात ॲव्हरेज सांभाळतो, वर्धा रोडला लागलं की पिकअप देतो. 1.3 ची कार्बोरेटरवाली जिप्सी असती तर डोळे मिटून हाच सांगितला असता.

अँबेसेडरला मात्र मी एसयू म्हणेन. 1955 च्या एमजीएमध्ये याच 1489 सीसीच्या इंजिनावर दोन एसयू होते. हवेच्या ओढीनुसार पिस्टन वर जातो, त्याची निमुळती सुई जेटमधून पेट्रोल सोडते, त्यामुळे मध्येच अडखळणं कमी. पंपावरच्या 20 टक्के इथेनॉलने मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. वेबरला जेट बदलावे लागतात, एसयूला जेटचा नट थोडा खाली फिरवला की बहुतेक काम भागतं. कटकटही आहे: दोघांचा ताळमेळ बसवा, डॅशपॉटमध्ये (पिस्टनची हालचाल संथ ठेवणारी वरची नळी) तेल पाहा. जुना घेत असाल तर पिस्टन बोटाने उचलून सोडा. खाली बसताना स्वच्छ 'टक्' आवाज आला पाहिजे. अडकत आला तर जेट मध्यावर नाही किंवा सुई वाकलीय. थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) दांडा हलवूनही बघा. खेळ असेल तर तिथून हवा ओढणार आणि स्लो (पाय न दाबता इंजिन चालतं तो वेग) कधीच बसणार नाही.

काहीही बसवा, खाली जाड बेकेलाइटचा (उष्णता अडवणारं कडक प्लास्टिक) स्पेसर आणि पत्र्याची हीट शील्ड हवीच. इलेक्ट्रिक पंप लावलात तर तीन पीएसआय दाबाच्या आसपासचा. मी एकदा शहाणपणा करून इंजेक्शनच्या गाडीचा पंप जोडला होता. पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई त्या दाबापुढे पार हरली आणि पेट्रोल थेट एक्झॉस्टवर. नशीब, इंजिन थंड होतं.